काराकोलची शिदोरी

३ मे, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. उमसुनायने तर नाहीच. बायको म्हणून ती उत्तम आहे, पण वाचता वाचता हसते.

कारण मोठं आहे. आमच्या लेकीच्या, बेगायिमच्या क्लबची जोडीची सायकल राइड १४ जूनला. आमच्या बालिकचीपासून काराकोलपर्यंत, इसिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठाने, दोनशे वीस किलोमीटर. सकाळी पाचला निघायचं, संध्याकाळी सहाच्या आत पोचायचं. जोडीने निघायचं, जोडीने पोचायचं, आणि वेळ मागच्या माणसाची धरतात. वेळेत पोचलं तर ऑगस्टमध्ये तळ्याला पुरी फेरी मारणाऱ्या संघात जागा. पोरगी तीन वर्षं या जागेसाठी झिजतेय. दवाखान्यात नर्सची ड्युटी, आणि त्याआधी पहाटे सायकल. काल तिची जोडीदारीण चिनारा पडली. मनगट मोडलं.

क्लबमध्ये दुसरं कुणी मोकळं नाही. मी म्हणालो, मी आहे ना.

बेगायिमच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं असणार. आमच्यात बापाला नाही म्हणायची पद्धत नाही, पण इथे तो प्रश्नच नव्हता.

५ मे
वजन ९४. राइडपर्यंत ८४. फार तर ८५.

पायांची काळजी नाही. सरकारी गाडी बंद पडल्यापासून जनावरं तपासायला सायकलनेच जातो. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर, आठवड्यातून तीनदा. वारा असला तर दोनदा.

क्लबच्या कोचनी बोलावून घेतलं. ओमुर्जाक त्यांचं नाव, साठीचे आहेत, हसताना कुणी पाहिलेलं नाही. म्हणाले, "सिरगाक, लांबच्या राइडला पाय हरत नाहीत, पोट हरतं. दर अर्ध्या तासाला काहीतरी गोड तोंडात टाकायचं, तासाला एक बाटली पाणी. भूक लागायची वाट बघितलीस की संपलास." पंचवीस वर्षं गुरांचा डॉक्टर असलेल्या माणसाला हे पोट शिकवणार. मान डोलावली. वयाने मोठे आहेत.

बेगायिमला सांगून टाकलं, खाण्यापिण्याचं खातं माझ्याकडे. ती म्हणाली, "आके, माझं ठरलेलं आहे, तुम्ही नका त्रास घेऊ." किती समजूतदार पोरगी. बापाला त्रास नको म्हणते.

६ मे
तिचं 'ठरलेलं' पाहिलं. खजूर, गोड भाताचे मुटके, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, आणि पिळून खायची एक चिकट पेस्ट. हे बाळंतिणीचं खाणं झालं.

माझा प्लॅन: कुरुत, तालकान, किमिझ. बस. वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या मिठासाठी, भाजून दळलेले जव ताकदीसाठी, घोडीचं आंबवलेलं दूध तहानेसाठी. आपले पूर्वज यावर तीन-तीन दिवस डोंगर ओलांडत. पोत्यात कुरुत, कातडी पिशवीत किमिझ, की निघाले.

उमसुनायला सांगितलं. ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "पूर्वज नाही हो, घोडा ओलांडत होता. पूर्वज वर बसलेले असत."

हिला विज्ञान कळत नाही.

९ मे
सुट्टी. पहिली चाचणी. कोचकोरच्या रस्त्याने चाळीस किलोमीटर. सायकलच्या दोन्ही बाटल्यांत किमिझ भरलं, बुचं घट्ट लावली. ज्या घोडीची खोकल्याची तक्रार मी बरी केली तिचंच दूध, म्हणजे दर्जाबद्दल शंका नाही.

रस्ता खडबडीत. ऊन. सतराव्या किलोमीटरला गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. आधी वाटलं टायर. टायर नव्हता. चेहरा, चष्मा, छाती सगळं किमिझ. पाठोपाठ दुसरी बाटली.

यात माझी चूक नाही. कातडी पिशवी श्वास घेते, प्लास्टिक घेत नाही. दोष बाटलीचा. येताना तीन कुत्री सहा किलोमीटर मागे होती. त्यांच्यामुळे माझा आजवरचा सर्वांत चांगला वेग लागला. नोंद करून ठेवतो.

१० मे
राइडला किमिझ नाही. पूर्वज पाणीसुद्धा पीत असतीलच.

१८ मे
कुरुताची चाचणी. एका बैठकीत चौदा गोळ्या. पन्नास किलोमीटर जाईन म्हटलं होतं, एकवीस झाले. बाटल्यांतलं पाणी बाराव्या किलोमीटरला संपलं. जीभ टाळ्याला चिकटून बसली, एका मेंढपाळाला नमस्कार करायचा होता तो खुणेने केला. तो घाबरून घोड्यावरून उतरला, त्याला वाटलं मला झटका आला. त्याने पाणी पाजलं.

निष्कर्ष: कुरुत उत्तम. गोळ्या चौदाऐवजी दहा.

२५ मे
बेगायिमबरोबर पहिली मोठी राइड. ऐंशी किलोमीटर. ती सारखी थांबून माझी वाट बघत होती, त्यावरून तिची तयारी जरा कमी पडतेय असं दिसतं. दर अर्ध्या तासाला खिशातून काहीतरी काढून खायची, मलाही द्यायची. मी घेतलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

एकदा घेतलं. खजूर होता. बी दाताखाली आली, डाव्या दाढेतून कळ मस्तकात गेली. बघितलंस, म्हणालो, हे तुझं आधुनिक खाणं. तिने फक्त कोणती दाढ ते विचारलं. नर्सच ती, सवय.

३१ मे
वजन ९५. स्नायू जड असतात.

११ जून
तीन दिवस राहिले. रस्त्यावरचा सगळ्यांत मोठा धोका ओळखून बंदोबस्त केला. धोका म्हणजे बोकोनबाएव गाव, अठ्ठ्याहत्तर किलोमीटरवर. तिथे उमसुनायचा थोरला भाऊ जोल्दोश राहतो, घर अगदी रस्त्याला लागून. बावन्न वर्षांचा झालो तरी तो मला 'जावईबापू' म्हणतो आणि नवऱ्या मुलासारखा खाऊ घालतो. त्याच्या दारात जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरलेलं असलं आणि भाकर तोंडाला न लावता पुढे गेलं, तर तो पुढची दहा वर्षं ते लग्नाकार्यात सांगेल.

म्हणून आधीच फोन केला. स्पष्ट शब्दांत सांगितलं, "आम्ही शनिवारी दारावरून जाणार. थांबणार नाही. काही करू नका."

फोन ठेवला तर उमसुनाय कपाळाला हात लावून बसलेली. म्हणाली, "'काही करू नका' म्हणालात? गेली मेंढी."

मी म्हणालो, माणसाला साधं सांगितलेलं कळतं. ती म्हणाली, "माझ्या भावाला नाही कळत. तुम्हाला तरी कुठे कळतं? मागच्या वर्षी तो 'काही करू नका' म्हणाला तेव्हा तुम्ही घोड्याचं सॉसेज आणवलंत."

ती वेगळी गोष्ट. तो पाहुणा होता.

१३ जून, संध्याकाळी ६
घोडामैदान जवळच आहे. उद्या पाचला.

एक निर्णय घेतला. धाडसाचा आहे, पण बापाला असे निर्णय घ्यावे लागतात. बेगायिमने तिची खाण्याची पेटी भरून ओट्यावर ठेवली होती, मोठी निळी. ती सायकलला तेल द्यायला अंगणात गेली तेवढ्यात ती पेटी मी उचलली आणि माझ्या औषधांच्या कपाटात, वासरांच्या सलाइनच्या मागे ठेवून दिली. पेटी चांगलीच जड होती. एवढं वजन चढावर ओढणार होती पोरगी! तिच्या सायकलच्या पिशवीत साठ गोळ्या कुरुत आणि तालकानची पुडी भरली, वर तिचाच रुमाल घातला आणि खाणं पिशवीत भरलंय असं तिला सांगून टाकलं. माझ्या पिशवीतही साठ.

उद्या पोचल्यावर सांगेन. थक्क होईल.

कोचचा फोन. हवामान सांगितलं: सकाळी सान्ताश, म्हणजे पूर्वेचा वारा, समोरून. दुपारनंतर उलान, पश्चिमेचा, पाठीवर. "सकाळी जोर लावू नकोस आणि खात राहा," म्हणाले. होय म्हणालो.

१४ जून, सकाळी ४.४०
एकोणीस जोड्या. बाकी सगळी पोरं, पायांचे केस काढलेले. माझ्याकडे बघून काहीजण कुजबुजले. आदराने असावं. नाश्ता: एक वाटी तालकान. रिकाम्या पोटाने घोडासुद्धा हलका पळतो.

७.४०, किलोमीटर ४८
वारा नाकावर. मांड्या दुखतायत, पण चांगल्या अर्थाने. नऊ कुरुत खाल्ल्या, दोन्ही बाटल्या संपल्या.

आत्ता पहिल्यांदा थांबलो; तोवर ती खिशातलंच खात होती, मला देऊ केलं ते मी घेतलं नाही. बेगायिमने पिशवीत हात घातला, कुरुत बाहेर आलं. परत घातला, परत कुरुत. मग तिने रुमाल काढून पिशवी रस्त्याकडेला उपडी केली. साठच्या साठ. म्हणाली, "आके, माझी पेटी कुठाय?" शांतपणे समजावलं. पूर्वज, वजन, विज्ञान.

तिने कुरुत एक-एक उचलून परत भरल्या, रस्त्यावर टाकून दिल्या नाहीत. संस्कार आहेत. मग खिशात हात घातला, तिथे पेस्टच्या उरलेल्या दोन ट्यूब निघाल्या. त्या हातात धरून बघत राहिली. दोनशे वीसमधले एकशे बहात्तर बाकी. एक ट्यूब मला दिली.

मी नको म्हणालो. तिने डोळे मिटले. म्हणाली, "वही ठेवा आता. चला."

९.३५, बोकोनबाएव, किलोमीटर ७८
वेळेत आहोत. अगदी काट्यावर.

अडचण: जोल्दोश रस्त्याच्या मधोमध उभा आहे. हात पसरून. मागे दस्तरखान, समोवार, त्याची बायको, तीन सुना आणि वाफ येणारी परात. मेंढी गेली.

१०.१०, तिथेच, घाईत
पाच मिनिटं म्हणून बसलो. जोल्दोशने हाताला धरून मानाच्या जागी बसवलं, म्हणाला, "जावईबापू, सायकलवरून आलात, गाडी विकली की काय? घरात एवढी तंगी आली होती तर सांगायचं." सगळे हसले. मी म्हटलं वेळ नाही. तो म्हणाला, "वेळ देवाने भरपूर दिलाय, मांस मी दिलंय." मग शेपटाच्या चरबीचा तुकडा स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. हाताने भरवलेलं थुंकता येत नाही. दुसरा. तिसरा. दुवा घेतल्याशिवाय उठता येत नाही, आणि दुवा मागायची म्हातारी मावशी शेजारच्या घरी दात आणायला गेलेली.

बेगायिमने मांसाला हात लावला नाही. नान आणि जर्दाळूचा मुरंबा खाल्ला, गोड चहाचे पाच पेले. आणि उठताना बोर्सोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, आणि साखरेचे खडे मूठमूठ खिशात भरले! सगळ्यांच्या देखत! मामीने आणखी एक ओंजळ तिच्या खिशात कोंबली, बाटलीत चहा भरून दिला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

मावशी आली. दुवा लांबली. तळं सुखी राहो इथपर्यंत गेली.

सव्वा दहा. चाळीस मिनिटं गेली. बेगायिम सायकलवर बसून आहे, माझ्याकडे बघत नाही.

१२.०५, किलोमीटर १०८
वारा पडतोय. ऊन. पोटात मेंढी बसलीय आणि उठायला तयार नाही.

बेगायिम दर पाच मिनिटांनी म्हणते, पाणी प्या. नाही पिणार. चरबीवर गार पाणी कुणी पितं का? पोटात जाऊन मेण होतं, मग आतडं धरतं. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. गरम चहा मिळाला तरच. ती म्हणाली, "आके, मी नर्स आहे, पोटात काही मेण होत नाही." मी म्हणालो, मी डॉक्टर आहे. ती म्हणाली, "गाईंचे!" पोट ते पोट.

डावीकडे सगळीकडे पाणीच पाणी, क्षितिजापर्यंत. खारट.

बाटलीतला चहा ती देत होती, पण तो कोमट झालेला. कोमट म्हणजे गारच.

अजून एक तास. चरबी उतरली की पिईन.

१.२५, बार्सकून, किलोमीटर १३५
जर्दाळूच्या झाडाखाली आडवा आहे. अक्षर हलतंय ते झाडामुळे.

घाम येणं बंद झालंय. ही चांगली खूण आहे, शरीर तयार झालं. डोकं ठणकतंय. मघाशी रस्त्यावर माझी आई उभी दिसली. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. मी बेगायिमला म्हटलं, तुझी आजी काय म्हणतेय बघ. तेव्हा तिने माझ्या सायकलचं हँडल धरलं आणि मला या झाडाखाली आणलं.

ती समोरच्या घरातून गरम चहा घेऊन आली. त्यात साखर इतकी की चमचा उभा राहील, वर मीठ. मी म्हणालो, मीठ कशाला? ती म्हणाली, "पूर्वज असाच पीत." बरं वाटलं, शेवटी ऐकलं तिने. सात पेले प्यालो. बोर्सोक खाल्ले. तिने एक-एक भरवले, मी चावेपर्यंत थांबायची.

म्हणालो, तू जा पुढे. मी बसने येतो. ती म्हणाली, "एकटी पोचून उपयोग नाही, आके. जोडी लागते." मग तळ्याकडे तोंड करून बसली. म्हणालो, रडतेस का? म्हणाली, "ऊन आहे."

दोन वाजले. निघतोय. पंच्याऐंशी किलोमीटर, चार तास. जमतं. उलान सुटलाय, पाठीवर आहे.

४.२०, किझिल-सू, किलोमीटर १८५
कमाल चाललोय! शेवटी कुरुताने काम दाखवलं. सकाळचं उशिरा लागू पडलं असणार.

बेगायिमने आता मला सारखं तिच्या मागच्या चाकाला चिकटून चालायला लावलंय. मी मागून तिला धीर देतो. चढावर माझ्या पाठीवर हात ठेवते, तिला आधार लागत असावा. दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून साखरेचा खडा माझ्या तोंडात टाकते, स्वतःला नाही. खडे संपत आलेत. मी विचारलं, तू? म्हणाली, "मी खाल्ले मघाशी." नाही खाल्ले. मी बघत होतो.

पस्तीस किलोमीटर, शंभर मिनिटं. "वही!" म्हणून ओरडतेय.

५.२५, किलोमीटर २०६
उजव्या पोटरीत पेटका. खाली बसलोय. ती गुडघ्यावर बसून पोटरी चोळतेय. तिचे ओठ पांढरे पडलेत. चौदा किलोमीटर, पस्तीस मिनिटं. देवा, एवढं होऊ दे. माझ्यासाठी नको, तिच्या

संध्याकाळी ६.३०, काराकोल
सहा वाजून नऊ मिनिटं.

चौकात कुणीतरी म्हणालं, "आलं वरातीमागून घोडं." कोच ओमुर्जाक घड्याळ हातात घेऊन उभे होते. माझा हात हातात घेतला, वयाने मोठे असूनही मला आधी सलाम केला. बेगायिमकडे त्यांनी बघितलं नाही. तिने सायकल भिंतीला लावली, पायरीवर बसली आणि कुणीतरी दिलेली केळी खाल्ली. चार. एकामागून एक. इतकी भुकेली मी तिला लहानपणीसुद्धा पाहिली नव्हती.

१५ जून
कारणं स्वच्छ आहेत. एक, सान्ताश. दोन, जोल्दोश. तीन, दुवेची मावशी आणि तिचे दात. चार, पेटका, तो कुणालाही येतो.

बेगायिम म्हणाली, "आके, कुणाचा दोष नाही, सोडा." पहाटेच ड्युटीला गेली.

वही चाळली. वाटेत सात वेळा लिहिलं. दर वेळी एक-दोन मिनिटं. हा हिशेब पुढे करायचा नाही असं ठरवलंय.

१६ जून
संघाची यादी लागली. सहा नावं. वाचली. परत वाचली. काही वेळा नाव खाली बारीक अक्षरात असतं. नव्हतं.

उमसुनायने आज मला एकही टोमणा मारला नाही. जेवण वाढलं आणि शेजारी बसून राहिली. हे फार वाईट.

१७ जून
चांगली बातमी. पुढच्या वर्षी जूनमध्ये परत निवड आहे, चिनाराचं मनगट तोवर बरं होतंय. मी बेगायिमला म्हटलं, माझी काय मदत? मी तयार आहे, वजन ८४ करतो.

तिने जरा विचार केला. म्हणाली, "आके, एक काम आहे. फक्त तुम्हालाच जमेल." कान टवकारले. म्हणाली, "तुम्ही आदल्या दिवशीच बोकोनबाएवला जा. मामांकडे मानाच्या जागी बसा, मांस खा, दुवा घ्या, आमच्या दोघींच्या वाटचं सगळं करा. म्हणजे आम्ही हात हलवून सरळ पुढे जाऊ आणि कुणाचा अपमान होणार नाही."

उमसुनाय हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "या कामाला आख्ख्या किनाऱ्यावर असा माणूस मिळायचा नाही."

मोठी जबाबदारी आहे. संपूर्ण राइड त्यावर अवलंबून. तयारी करावी लागेल.

१८ जून
सकाळी एका वासराला जुलाब. सलाइन काढायला कपाट उघडलं. मागे निळी पेटी.

विसरलो होतो. उघडली. वाटलं होतं तिचं एकटीचं खाणं असेल. आत दोन रांगा. प्रत्येक पुडीवर कागद चिकटवलेला, तिच्या बारीक अक्षरात. एका रांगेत 'मी'. दुसऱ्या रांगेत 'आके'. आके ५.३०. आके ६.००. आके ६.३०. असं दर अर्ध्या तासाला, संध्याकाळी साडेपाचपर्यंत. पंचवीस पुड्या. म्हणून जड होती.

भात आंबला होता. बटाटे काळे पडलेले. ते फेकले. खजूर चांगले होते. एक घेतला, सवयीने उजव्या दाढेखाली, जपून. बी नव्हती. कुठल्याच खजुरात नव्हती. एक-एक चिरून बिया काढून परत मिटलेले. फक्त माझ्या रांगेतले. तिच्या रांगेत बियांसकट.

वासराला सलाइन लावली. परत येऊन कपाटासमोर जमिनीवर बसलो आणि पेटी मांडीवर घेतली. ७.३०, खजूर दोन. ८.००, खजूर दोन. ८.३०, साखर-मिठाची पुडी, 'बाटलीत घालून, पूर्ण'. घातली. पूर्ण प्यालो.

१२.०० ची पुडी इतर पुड्यांपेक्षा छोटी. वर लिहिलंय: 'आके. कुरुत. दोनच.'

दुपारी बाराला दोनच खाल्ल्या.